सत्तावन्न, डावा उणे तीन

...आणि वर लोक मलाच विचारतात हो, "मिस्त्री, तुमची हत्यारं तरी धड आहेत ना?" आता तुम्हीच सांगा, बावीस वर्षं दवाखान्यांतले मायक्रोस्कोप दुरुस्त करतोय, माझ्या पेटीत एक काचपट्टी आहे, तिच्यावर एका मिलिमीटरचे शंभर भाग आखलेत, शंभर! यंत्र किती मोठं दाखवतं ते तिच्यावर तपासतो, केसाइतकी चूक खपवून घेत नाही, आणि माझी हत्यारं धड नाहीत?

त्याचं काय झालं, एका लॅबमध्ये रक्त तपासायला मोठ्या बाई होत्या. तीस वर्षं एकच खुर्ची, एकच यंत्र. यंत्राला बघायच्या दोन नळ्या, त्या आपल्या डोळ्यांच्या अंतराइतक्या लांब-जवळ करायच्या, आणि डाव्या नळीचं कडं फिरवून आपला नंबर लावायचा. बाईंचं अंतर सत्तावन्न मिलिमीटर, डावा उणे तीन. गेल्या वर्षी बाई गेल्या. त्याच खुर्चीत, डोळे नळ्यांना लावलेले... दोन तास कुणाला कळलंच नाही, सगळ्यांना वाटलं, बाई कामात आहेत!

त्यांच्या जागी एक मुलगी आली. गुणी पोर, पण रिपोर्ट चुकायला लागले. डॉक्टरांनी मला बोलावलं, "यंत्र बिघडलंय की मुलगी? एक काय ते सांगा, तेवढंच बदलतो!" मुलगी रडकुंडीला आलेली. "काका, मी माझं चौसष्ट लावते हो, पाच मिनिटांत नळ्या आपोआप जवळ येतात... घरात कमावणारी मी एकटी." मी मनात म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं! तरी साधी मोजपट्टी धरून तिच्या डोळ्यांतलं अंतर मोजलं. चौसष्ट, बरोबर! आणि यंत्रावर बघतो तर? सत्तावन्न, डावा उणे तीन!

बिजागरी ढिली असेल! दोन दातांचा पाना लावून आवळली, जुनं ग्रीस पुसून घट्ट ग्रीस भरलं. आठ दिवसांनी फोन... सत्तावन्न, डावा उणे तीन! मग मीही हट्टाला पेटलो. नळ्या चौसष्टवर, कडं शून्यावर, आणि सांध्यांवर लाल लाखेचे ठिपके, जरा हललं तरी तडकणारच! सोमवारी भर दुपारी, सगळ्यांच्या देखत बघितलं. ठिपके अखंड, एक चीर नाही, आणि आकडा? तोच! जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, इथं तर मेल्यावरही जाईना! तुम्हाला सांगतो, घाबरलो मी. डॉक्टरांना काय सांगू? पण पोरीची नोकरी डोळ्यांपुढे आली, म्हटलं, "नवा भाग मागवलाय, महिनाभर थांबा." साफ खोटं!

महिन्यानं गेलो तर काय, मुलगी मजेत गुणगुणत पेशी मोजतेय! डॉक्टर खूश, "मानलं मिस्त्री, एक रिपोर्ट चुकत नाही!" मी पोरीला म्हटलं, "अगं, मी अजून काहीच केलं नाही." ती मान वर न करता म्हणाली, "आता करूही नका काका. अगदी स्वच्छ दिसतंय." मला कुणी सांगितली होती नसती उठाठेव? पण मोजपट्टी काढलीच. तिच्या डोळ्यांतलं अंतर एकदा मोजलं, दोनदा मोजलं, पट्टी पुसून तिसऱ्यांदा मोजलं. सत्तावन्न... डाव्याचं विचारायची छातीच झाली नाही.

नोकरी वाचली ना तिची? वाचली. मग मी कोण बोलणार? 'यंत्र उत्तम' लिहिलं, सही ठोकली, घरी आलो. हल्ली बायको म्हणते, "अहो, पेपर इतका नाकाला लावून काय वाचता?" मी पेपर मिटून ठेवतो. त्या नळ्यांतून मीही किती वेळा बघितलंय! पण माझे डोळे काही मी मोजलेले नाहीत. आणि मोजून तरी करणार काय? डोक्याला पाना लावायचा कुठं!