अकरा वर्षं खाली न आलेला चेंडू

तुम्हाला त्या बेसबॉलच्या कादंबरीचं सांगायचं राहूनच गेलं. सीताबर्डीच्या फुटपाथवर मिळालेली ती अमेरिकन कादंबरी मी डिक्शनरी हाताशी घेऊन तीन वर्षं मराठीत उतरवत होतो. प्रकाशकाकडे पाठवण्याआधी ती भगवानरावांना पटायला हवी होती. ते क्रिकेटचे जुने अंपायर, आणि त्यांना खोटं अजिबात खपत नसे. त्यांनी नाही म्हटलं असतं तर मी सगळ्या वह्या ट्रंकेत टाकणार होतो.

पहिलाच प्रसंग अवघड होता. फलंदाज चेंडू उंच मारतो आणि तो चेंडू अकरा वर्षं खालीच येत नाही. हे मी भीतभीतच वाचलं.

"खाली फिल्डर उभा आहे न?" त्यांनी विचारलं.

"आहे. केस पिकले त्याचे."

"मग ठीक आहे. वाच पुढं."

पुढच्या पानावर कळतं की चेंडू मारल्याबरोबर फलंदाज बॅट फेकून धावत सुटला होता. भगवानरावांनी हात वर केला.

"थांब गा. बॅट काहून फेकली त्यानं?"

"त्यांचा खेळच तसा आहे. बॅट टाकूनच पळतात."

"आपल्या पोरायचा बॅटीले पाय लागला तर नमस्कार करते. अन् हा फेकून देते?"

"मग ते वाक्य काढून टाकू का?"

त्यांनी चहा संपवून कप खाली ठेवला.

"नको काढू. तशीच पाठवून दे. तो बॉल खाली काहून नाही येऊन राहिला, ते मले आता समजलं."