वाटीतले चार मणी

मला कंजूष म्हणता ना तुम्ही, मग ऐका. न्यूझीलंडच्या टोंगारिरो नदीवर मी सोन्याने मासा पकडलाय.

ट्राउट माशांसाठी निम्फ मी घरीच बांधतो. निम्फ म्हणजे पाण्यातल्या किड्यासारखी दिसणारी खोटी माशी. जोरदार प्रवाहात ती तळाशी जावी म्हणून हुकात टंगस्टन या जड धातूचा सोनेरी मणी ओवायचा. त्या शुक्रवारी डायनिंग टेबलावर वाटीत मणी दिसले. चार माशा बांधल्या आणि सकाळी नदी गाठली.

माझा फिशिंगचा जोडीदार नितीन बघतच राहिला. "अरे, तुझी माशी कसली झपकन खाली जाते. मणी कुठले?"

"नेहमीचेच रे."

दोन माशा दगडांत अडकून तुटल्या. तिसरी एक ट्राउट दोरीसकट घेऊन गेला. चौथीला मात्र मस्त मोठा रेनबो ट्राउट लागला. फोटो काढून त्याला सोडून दिलं आणि खुशीत घरी आलो.

दारातच बायको, मेघना. "माझं मंगळसूत्र वाढलं म्हणून मणी वाटीत काढून ठेवले होते. सोन्याचे चार कुठे गेले?"

मी टोपीला अडकवलेली माशी काढून तिच्या हातावर ठेवली.

"आणि बाकीचे तीन?"

"दोन नदीत. एक माशाच्या तोंडात."

 पुढच्या शनिवारी ती माझ्याआधी गाडीत जाऊन बसली. तेव्हापासून दर वेळी येते. मी मासा सोडायला वाकलो की मागून शांतपणे म्हणते, "थांब. आधी त्याचं तोंड उघडून दाखव."