मॅडमनी नाकारलेलं दूध

आमच्या साठेमॅडमचं सगळं संशोधन दूध आणि जनावरांचे रोग यांवर. एकदा वारज्यात गाईंच्या रक्ताचे नमुने घ्यायला गेलो, तर गोठ्याच्या मालकांनी, अण्णांनी, नुकत्याच काढलेल्या दुधाचा पेला पुढे केला.

"उकळून द्या," मॅडम म्हणाल्या.

अण्णा चिडले. "चार पिढ्या असंच पितोय. काय झालंय आमाला?"

मॅडम त्यांच्या घामेजल्या चेहऱ्याकडे बघत होत्या. "संध्याकाळी ताप येतो? कंबर धरते?"

अण्णांची बायकोच म्हणाली, "लई महिने झाले. डॉक्टरला घावंना."

मॅडमनी त्यांना आमच्याच गाडीतून दवाखान्यात नेलं. कच्च्या दुधातून होणारा तापच निघाला. अण्णा औषधांनी बरे झाले, तेव्हा म्हणाले, "तुमाला बघताच कसं कळलं?"

"मलाही झाला होता, याच कामात. तेव्हा माझ्या डॉक्टरांना मीच सांगितलं होतं, काय शोधायचं ते."