चार पोरांची कॅसेट

माझा राग अजून गेला न्हाई बघा. लग्नाआधी हैदराबादेत मी कॉलेजच्या पोरांच्या रॉक बँडमध्ये गायचे. आमची एकच रेकॉर्ड निघाली, ती कुणी घेतली न्हाई. वीसेक वर्षांनी तिची कॅसेट निघाली अन् माझ्या सासरी परभणीत आली. आवाज माझा, अन् कव्हरवर नावं फक्त चार पोरांची! गिटारवाल्या सुधाकरला फोन लावला.

"तुला सासरी त्रास नको म्हणून गाळलं," म्हणला.

"मला विचारलंस का?"

"अगं, तुझे सासरे काय म्हणतील?"

"ती कॅसेट त्यांनीच आणली! सुनेचं नाव कुठंय म्हणून तेच भांडायलेत!"

फोन आपटला, तडक कॅसेटच्या दुकानात गेले, अन् उरलेल्या सगळ्या कॅसेटींवर बॉलपेननं माझं नाव लिहायला बसले.

दुकानदार ओरडला, "बाई, माल खराब करायलात!"

म्हणलं, "दुरुस्त करायलेय."