कोर्टाच्या बाकावरचा जुना सिनेमा

कोर्टाच्या व्हरांड्यात शिंपीणबाई तारखेची वाट पाहत बसल्या होत्या. शेजारी एक सुतार आणि त्याचे वकील येऊन टेकले, तसे बाईंचे कान तिकडे वळले.

“साहेब, माझे कागद वाचलेत ना?”

“वाचू हो, मिस्त्री! काल तो कोर्टाचा जुना सिनेमा पुन्हा पाहिला. तो बघूनच तर मी वकील झालो. काय ती उलटतपासणी!”

“माझ्या साक्षीदाराला काय विचारणार?”

“त्यातला हीरो आता केसांच्या तेलाची जाहिरात करतो. तीही टोप घालून!”

“साहेब, दुकान जाईल हो माझं. खटल्याला नऊ वर्षं झाली.”

“न्यायाधीश झालेला नट बिचारा वारला. आणि ती खुनी बाई? मालिकेत सोशिक सासू झालीय.”

बाईंनी हसू पदराआड दाबलं.

“सगळे नट पाठ आहेत की तुम्हाला,” सुतार म्हणाला.

“अहो, पाणी आणणारा शिपाईसुद्धा! विचारा कोणीही.”

“मग अशिलाचं काम कोणी केलं होतं?”

वकिलांनी बराच वेळ डोकं खाजवलं.

“अशील... होता बुवा कोणीतरी. त्याला संवादच नव्हते.”

आतून पुकारा झाला. सुताराने वकिलांच्या मांडीवरची आपली फाईल उचलली.

“बसा तुम्ही, साहेब. आज मीच बोलतो.”