आभाराच्या पानावरचा स्वल्पविराम

मुलगी: ...आणि मग एक बटण दाबलं की सगळे सरळ होतील, बाबा. म्हणजे उलटे होतील. जसे हवेत तसे.

बाबा: आहेत किती?

मुलगी: सहाशे अकरा. टाइप करणाऱ्याने आईच्या अख्ख्या अरबी पुस्तकात आपलाच स्वल्पविराम ठोकलाय.

बाबा: आपला शेपटी खाली घालून बसतो. अरबीतला शेपटी वर करून.

मुलगी: आणि आधीच्या शब्दाला चिकटून, पुढे एक मोकळी जागा. बाराखडीच्या आधी शिकवलंय आईने.

बाबा: मग बटण दाबू नकोस. शेजारच्या रकान्यात आपल्या भाषेतले अर्थ आहेत. त्यातले स्वल्पविरामही शेपट्या वर करतील.

मुलगी: अरे हो. पण पाचपर्यंत फाइल छापायला गेली नाही, तर शाळा दुसरं पुस्तक लावणार आहे. आई असती तर तिने चार दिवस मागून घेतले असते. मला कोण देतंय.

बाबा: साडेतीनच वाजलेत. तू पडद्यावर पान सरकव, मी जुन्या छापील प्रतीवर बोट ठेवतो.

मुलगी: तुम्हाला अरबी कुठे येतं?

बाबा: एक अक्षर नाही. म्हणून तर छापखान्यात खिळे जुळवणारा कंपोझिटर झालो. वाचता आलं असतं तर वाचत बसलो असतो.

मुलगी: तेव्हा हा स्वल्पविराम मिळायचा तरी का?

बाबा: खणात त्याचे शिशाचे मोजून तीस खिळे. ते संपले की आपला घेऊन उलटा करायचा. पण उलटा केला की तो ओळीच्या डोक्यावर चढतो. मग कानशीने खालचं शिसं घासायचं, वरून पट्टी भरायची. एकाला दहा मिनिटं.

मुलगी: एवढं करून इतक्या चुका? ही जुनी प्रुफं बघा. पानोपानी आईची लाल पेन्सिल. ‘पुन्हा शेपटी खाली.’ ‘पुन्हा.’ आणि इथे, ‘कंपोझिटरने डोळे तपासून घ्यावेत.’

बाबा: घेतले होते. उत्तम निघाले.

मुलगी: मग?

बाबा: पान बिनचूक गेलं की शाळेचा शिपाई प्रूफ आणून द्यायचा. चुकलं की बाई, तेव्हा बाईच म्हणायचो तुझ्या आईला, स्वतः यायच्या. स्टुलावर बसून समजावायच्या. शेपटी वर, शब्दाला चिकटून.

मुलगी: आणि तुम्ही?

बाबा: मला सात महिने समजलं नाही.

मुलगी: बाबा.

बाबा: मालक मला काढायला निघाले होते. तिनेच थांबवलं. म्हणाली, माणूस मंद आहे, पण सुधारतोय.

(बराच वेळ फक्त कळफलकाचा आवाज.)

मुलगी: सहाशे दहा. पाचला बारा मिनिटं कमी. आता शेवटचा, आभाराच्या पानावर... थांबा. हा तर छापील पुस्तकातही चुकलाय. शेपटी खाली. आईच्या नजरेतून सुटला?

बाबा: तिच्या नजरेतून काही सुटत नसे. तो मी बरोबर लावला होता, घासून-बिसून. शेवटचं प्रूफ होतं. पुस्तक संपलं होतं. चुकून तरी काय मिळणार होतं.

मुलगी: मग?

बाबा: ते प्रूफ माझ्या पाकिटात आहे. घडी जपून उघड.

मुलगी: ‘हा चुकीचा करा. शनिवारी समजावून सांगायला येते.’

बाबा: शनिवारी आली.

मुलगी: म्हणजे तिला सगळं माहीत होतं.

बाबा: सात महिने. आता बदल तो. मुलं पुस्तकावरून शिकतात, चुकीचं शिकतील.

मुलगी: काय बदलू?

बाबा: सहाशे अकरावा.

मुलगी: सहाशे दहाच होते, बाबा. मघाशी मी मोजताना चुकले.