दळणात गेलेली पृथ्वी

(रेणापूरजवळचं एक खेडं. रविवारची दुपार. ओसरीवर साखराबाई आणि तिची सून तनुजा, गावच्या शाळेतली विज्ञानाची बाई. दोघींच्या मधे ज्वारीचं सूप.)

तनुजा : हा दाणा चार मिलिमीटर भरतो, आत्या. आडव्या अंगानं तीन पूर्णांक नऊ, पण चालेल.

साखराबाई : मघाचा काय वाईट व्हता?

तनुजा : तो साडेचार होता. सूर्यासाठी परात घेतली आहे, ती चव्वेचाळीस सेंटिमीटरची. तिच्या मापानं पृथ्वी चारच लागते.

साखराबाई : लोक दान्यासाठी परात घेत्यात. तू परातीसाठी दाना हुडकून राहिलीस.

तनुजा : मागच्या वर्षीचा चांगला होता. डबीत ठेवला होता, वर चिठ्ठी लावून.

साखराबाई : मला वाचता येतंय व्हय माय? डबीत ज्वारी दिसली, दळनात वतली.

तनुजा : पृथ्वी दळली. शुक्र दळला. बुध आणि मंगळ फोडणीत गेले.

साखराबाई : भाकर ग्वाड झाल्ती पर. दयानंदानं दोन खाल्ल्या.

तनुजा : दयानंदभावजी आज येतायत.

साखराबाई : म्हाईत हाय.

तनुजा : त्यांना गुरुजींना कळवायचंय. दर्भाचा पुतळा करून ह्यांची क्रिया करायची का नाही ते. दर खेपेला तुम्ही पुढं बघू म्हणता.

साखराबाई : तू दाने बघ तुझे. शेवटचा कोन हाय त्यो? लांबचा?

तनुजा : नेपच्यून. गोटी घेतली आहे त्याला. या मापानं तो परातीपासून चौदाशे मीटर येतो. म्हणजे फाट्यावर. उद्या माझ्या वर्गातली उजमा गोटी घेऊन तिथं उभी राहील.

साखराबाई : एष्टीच्या फाट्यावर? एकली नगं उभी करू लेकराला.

तनुजा : मी असते तिच्याजवळ.

साखराबाई : मी बी व्हते माझ्या बजरंगाजवळ, त्यो गेला तवा. गाडीत बसला की धुराळाच दिसला निसता. आन त्याच्या म्होरं काय हाय?

तनुजा : दुसरा सूर्य. पण या मापानं तो साडेबारा हजार किलोमीटरवर येतो.

साखराबाई : नांदेडच्या पल्याड मंग.

तनुजा : नांदेड सव्वाशे, आत्या. इथनं खाली सरळ भोक पाडायचं आणि जमिनीच्या दुसऱ्या अंगानं बाहेर पडायचं, एवढं ते लांब आहे.

साखराबाई : मधी काहीच न्हाई?

तनुजा : जवळजवळ काहीच नाही. कुठंतरी एखादा ग्रह असतो, सूर्य नसलेला. असे सापडलेत अलीकडं.

साखराबाई : बिनसूर्याचा? मंग फिरतोय कुनाभवती?

तनुजा : कुणाभोवती नाही. अंधारात एकटाच चाललेला असतो. कधीकाळी त्याला सूर्य असणार. शेजारचा एखादा मोठा ग्रह जवळून गेला, त्याच्या ओढीनं हा बाहेर फेकला गेला, असा अंदाज आहे.

साखराबाई : म्हंजी कुनी भांडलं न्हाई, बोललं न्हाई, आन गेला.

तनुजा : ग्रहाचं सांगतेय मी.

साखराबाई : मी बी ग्रहाचंच इचारून राहिले. माघारी येतो का त्यो?

तनुजा : तसं कुणी पाहिलेलं नाही.

साखराबाई : आन अंधारात हाय तर हाय म्हून कसं म्हनत्यात?

तनुजा : लांबच्या एखाद्या ताऱ्याच्या समोरून तो गेला, तर त्या ताऱ्याचा उजेड काही तास वाढतो. मग कमी होतो. तेवढ्यावरून.

साखराबाई : एकदाच?

तनुजा : एकदाच. पुन्हा तो ग्रह दिसत नाही.

साखराबाई : आन उजेड वाढलाच न्हाई तर? बघतच बसत्यात का ते?

तनुजा : नाही. किती दिवस बघायचं ते आधीच ठरवलेलं असतं. तेवढे दिवस झाले की लिहितात, इतकं पाहिलं, सापडला नाही.

साखराबाई : मेला म्हून लिवत्यात?

तनुजा : सापडला नाही, एवढंच लिहितात. मग दुर्बीण दुसरीकडं वळवतात.

साखराबाई : आधीच कामून ठरवायचं?

तनुजा : नाहीतर माणूस थांबत नाही. आणखी एक रात्र बघू, आणखी एक, असं करत राहतो.

साखराबाई : आपुन काय ठरवलं न्हवतं.

तनुजा : गुरुजींनी सांगितलं होतं, बारा वर्षं वाट बघा म्हणून. या पोळ्याला झाली.

साखराबाई : बारा झाली म्हून काय गुरुजीला त्याचा फोन आला? माझ्यापाशी तर मानूस हाय. मुरुडच्या बांगड्यावाल्या पाशामियाँनं डोळ्यानं बघितला त्याला. नांदेडच्या टेसनात. त्यो गेला त्याच्या तिसऱ्या महिन्यात.

तनुजा : पाठमोरा पाहिला होता. निळ्या सदऱ्यावरून म्हणाले ते.

साखराबाई : निळाच घालून गेल्ता बजरंग.

तनुजा : तपकिरी.

साखराबाई : निळा.

तनुजा : तपकिरी होता, आत्या. वरचं बटण तुटलं होतं. सकाळी मीच लावलं, पांढऱ्या दोऱ्यानं, तपकिरी दोरा घरात नव्हता म्हणून. निळा सदरा वाळत होता. तो अजून पेटीत आहे माझ्या.

साखराबाई : आन हे तू आज सांगून राहिलीस.

तनुजा : हो.

साखराबाई : पाशामियाँ सांगून गेला तवा तू हितंच व्हतीस. त्याला च्या दिलास तू.

तनुजा : हो. त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही दोन भाकरी खाल्ल्यात. तीन महिन्यांत पहिल्यांदा. मला वाटलं, आज राहू दे, उद्या सांगू.

साखराबाई : उद्या.

तनुजा : मग तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच सांगायला लागलात. मग जमलं नाही.

साखराबाई : बारा साल मी त्या निळ्या सदऱ्यावर काढली, तनू. तू कशावर काढलीस?

तनुजा : शाळेवर.

साखराबाई : दाने सांडून राहिले तुझे.

तनुजा : सांडू द्या.

साखराबाई : शेजारची गौरम्मा परवा मला आडून इचारत व्हती. तुझ्या सुनंला कुंकवाला बोलवावं का न्हाई. बायांला कळंना म्हनं.

तनुजा : मला विचारायचं होतं तिनं.

साखराबाई : तुला कोन इचारंल? क्रिया झाली की इचारायचंच थांबंल. कुनी बोलवनार न्हाई मंग.

तनुजा : माहीत आहे.

साखराबाई : तरी पायजे तुला?

तनुजा : दर जूनला शाळेत माझी माहिती भरतात. पतीचं नाव लिहिते, आणि पुढं हयात की मयत विचारलं की पेन थांबतं. तिथं दोन्हीपैकी काहीतरी लिहायचंय मला. तुम्ही नाही म्हणालात तर हयात लिहीन. पण मग खरंच तसं समजून लिहीन, आणि दयानंदभावजींना सांगेन की पुन्हा विचारू नका.

साखराबाई : तुला काय वाटतं? जित्ता आसंल?

तनुजा : मला माहीत नाही, आत्या.

साखराबाई : शिकल्याली बाई तू. येवढं लांबचं सांगतीस.

तनुजा : ते मोजता येतं.

साखराबाई : दयानंद कवा येतोय?

तनुजा : पाचच्या गाडीनं.

साखराबाई : त्यो आला की तूच सांग त्याला.

तनुजा : मी नाही सांगणार. ह्यांच्या आई तुम्ही आहात. माझ्या तोंडून नको निघायला.

साखराबाई : आन माझ्या तोंडून निगावं व्हय?

तनुजा : निघालं नाही तरी चालेल. मी इथंच आहे.

साखराबाई : हाव. तेच की. तू हितंच हाईस.

तनुजा : पाणी आणू?

साखराबाई : बस. गुरुजी तिथ इचारंल. कोनती सांगायची?

तनुजा : भावजी म्हणत होते, निघाले ती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाची.

साखराबाई : ती नगं. त्या दिशी त्यो चांगला व्हता, चटनी-भाकर बांधून घिऊन गेला. येत्या अमुशाला करू बजरंगाची क्रिया.